छाट

त्या दिवशी आईच्या हजारात
एकशे चाळीस विड्या छाट निघाल्या.

तीस वर्षांत असं झालं नव्हतं.
तिची विडी म्हणजे डोकं घट्ट, पोट एकसारखं,
दोऱ्याचे दोन वेढे, तिसरा कधी नाही.
बाकीच्या बायकांवर खेकसणारा चेकर इरण्णा
तिचा कट्टा नुसता तळहातावर तोलायचा
आणि बाजूला ठेवायचा.

सकाळी साडेआठला चहा
तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळला.
मी पाहिलं. तिने पदराने पुसला.
"एमी लेदु," म्हणाली. काही नाही.
आमच्या घरात हे दोन शब्द
मिठाच्या बरणीसारखे हाताशी असतात.
बाळंतपणात हेच. नानांच्या खोकल्यात हेच,
तो खोकला त्यांना घेऊन गेला
त्याच्या आदल्या रात्रीही.

एप्रिल होता. विडी घरकुलातले पत्रे
नऊ वाजताच कडकड वाजायला लागले,
म्हणून आम्ही सगळं उन्हावर ढकललं.
जीभ जड? ऊन.
चप्पल पायातून निसटतेय? ऊन.
जैबूनभाभीने कांदा फोडून तळव्यांना चोळला,
मी लिंबू पिळलं
आणि युनिफॉर्मच्या कॉलरी शिवायला बसले.
सहा डझन द्यायच्या होत्या.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही: सहा डझन.

ती सूप मांडीवर घेऊन वळत राहिली.
टोपली दोनदा हातातून पडली
म्हणून ब्रँचवर मी सोबत गेले, एवढंच.

इरण्णाने कट्टे सोडले. एक. दोन.
मग शेवटचे सहा वेगळे ओढले.
"हे कालचे. नीट आहेत.
हे आज सकाळचे ना?"
पानं सैल, जर्दा सांडलेला, दोरा लोंबतोय.
तो तिच्या विड्या सोडून
पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे बघत होता.
"नागमणीबाई, दोन्ही हात वर करा."
उजवा वर राहिला.
डावा खाली येत गेला, हळूहळू,
त्याचा तिला पत्ताच नव्हता.

"घरी न्यायचं नाही. सिव्हिलला. आत्ता."
छाटीचे पैसे मात्र त्याने कापलेच,
रजिस्टर ते रजिस्टर.

जैबूनभाभीच्या पोराने रिक्षा अशी हाणली
की सिग्नल कुठे होते, मला आठवत नाही.

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान असेल.
तिने नाव नंतर विचारलं, आधी विचारलं,
"कधीपासून?"
भाऊ म्हणाला, दुपारपासून. दुपार झालीच नव्हती.
मावशी म्हणाली, परवा दृष्ट लागली तेव्हापासून.
मी ओढणीची गाठ सोडली, सैल विड्या टेबलावर ठेवल्या.
"साडेआठ," म्हटलं. "त्याआधीच्या सगळ्या घट्ट आहेत."
तिने घड्याळ पाहिलं आणि पळायला लागली.

अंगावरून वारं गेलं, असं म्हणतात आमच्याकडे.
सोलापूरचा एप्रिल, पान हलत नव्हतं.
वारं कुठलं? एक गाठ होती रक्ताची,
आणि ती विरघळवायला काही तास,
त्यातला दीड माझ्या कॉलरींत गेला.

आता ती दिवसाला तीनशे वळते.
सकाळी चहाआधी मी म्हणते, हात वर.
"पोलीस आहेस का गं?" असं पुटपुटते,
आणि करते.
डावा जरा उशिरा येतो.
तो येईपर्यंत मी मशीनला पाय लावत नाही.