पाऊणपट

पंचवीस प्रश्न. प्रत्येकापुढे तीन चौकोन :
शून्य, एक, दोन.
वर नावाची जागा कोरी,
कायद्याने त्याचं नाव मला कुठे लिहिता येत नाही,
तिचं तर नाहीच.
म्हणून इथे तो फक्त पंधरा वर्षं चार महिने,
देवगडच्या अलीकडचं एक बंदर,
नववीत सुटलेली शाळा.

रत्नागिरीच्या सरकारी घराची मागची पडवी.
खडपेमावशी दाराशी तांदूळ निवडतात,
न ऐकल्यासारखं करून.
तो खुर्चीची नायलॉनची पट्टी उसवतो
आणि जाळं विणणाऱ्या बोटांनी
परत जागच्या जागी ओवून टाकतो.

मित्र किती?
एक.
लक्ष ठेवणारं मोठं माणूस?
बाप ट्रॉलरवर, महिन्यातून चार दिवस घरी.
काका आहे.
काकाचं नाव निघालं की पट्टी तुटेस्तोवर ओढली जाते.
हे कुठल्या चौकोनात लिहू?

पहिल्या भेटीत म्हणाला, "झाला ता झाला."
दुसऱ्या भेटीत पाठ केलेलं वाक्य,
वकिलाच्या फायलीचा वास असलेलं.
तिसऱ्या भेटीत, भिंतीकडे बघून :
"ती नको म्हणाली होती. माका ऐकाक इलां."
मावशींचा हात सुपात थांबला.

एका वाक्याने दोनाचा शून्य होतो का?
मी एक लिहिला.
खोडला.
परत एकच लिहिला.

आठ वर्षांपूर्वी, दापोलीकडच्या एका मुलाला
मी 'कमी' लिहिलं होतं.
नीट बोलायचा, डोळ्याला डोळा द्यायचा.
त्याची दुसरी फाईल माझ्याच टेबलावर आली.
आणि ज्याला 'जास्त' लिहिलं
तो जयगडच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो,
मला बघून रस्ता ओलांडून जातो,
अकरा वर्षांत एक तक्रार नाही.
प्रशिक्षणात सांगतात : आकडा माणसाचा नसतो,
त्याच्यासारख्या शंभरांचा असतो.
शंभर जण कधी पडवीत येऊन बसत नाहीत.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो तेव्हा
वादळ येईलच असं कुणी म्हणत नाही.
होड्या ओढून घेतात, एवढंच.
वादळ फिरलं गुजरातकडे तर
बावटा लावणाऱ्याला शिव्या बसतात, डिझेलच्या हिशोबासकट.
नाही लावला आणि आलं,
तर शिव्या द्यायला कोण उरतं?

चौथ्या भेटीत माझे प्रश्न संपले होते. तोच म्हणाला,
"बाई, माका भरती काढूक येता.
तिथीची पाऊणपट करूची.
आज पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार.
पावणेचारांक भरती."
पहिल्यांदाच तो मुलासारखा दिसला,
आणि मला त्याची भीती वाटली,
कारण मला तो आवडायला लागला होता,
आणि आवडण्याला चौकोन नाही.

आम्ही कुंपणाशी जाऊन उभे राहिलो.
पावणेचार झाले. चार.
चार वाजून दहाला पाणी खाडीच्या खुणेला टेकलं.
"वारो असलो की चुकता," तो म्हणाला,
माझ्या हातातल्या कागदाकडे बघत.

अहवालात लिहिलं : मध्यम.
काकाच्या घरी पाठवू नये.
दर आठवड्याला समुपदेशन, शाळा पुन्हा सुरू.
हा अंदाज सहा महिन्यांनंतर ग्राह्य धरू नये.
शेवटचं वाक्य छापीलच असतं,
तरी ते मी हाताने परत लिहिते.

मग एसटीने तिच्या गावी गेले.
प्रश्नावलीत तिच्या घरी जा असं कुठे नाही.
ती आत होती, बाहेर आली नाही.
ओट्यावर सुकत टाकलेल्या दोन शाळेच्या ओढण्या.
ती आता शाळेला सड्यावरून जाते,
अर्धा तास जास्तीचा,
बंदराची वाट टाळून.

आईने मासे कापता कापता विचारलं,
"तो परत असा करतलो काय, तां सांगा. व्हय की नाय."
मी म्हटलं, मध्यम.
कोयती पाटावर ठेवून, हात न पुसता
तिने माझ्याकडे पाहिलं :
"मध्यम म्हणजे?
चेडवाक खयच्या वाटेन पाठवू?"