शेऱ्याचा रकाना

न्यायालयाने कागद मोकळे केले,
म्हणजे जळगावात भर दुपारी एक टेम्पो आला
आणि रुबाब तडवीने त्रेचाळीस खोकी उतरवली.
केळीची खोकी. पुठ्ठ्याला अजून सावद्याचा वास.
आत धरणगावची जिनिंग, मेसर्स खुशालदास रूपचंद,
दोन भागीदार, एक दावा, एकोणीस वर्षं.

माझ्याकडे रकाने पाच.
अनुक्रमांक, तारीख, वर्णन, पाने, शेरा.
वकील फालक म्हणाले, शेरा शक्यतो कोराच ठेवा,
शेरा दिसला की समोरचा उलटतपासणीला उठतो.

भागीदारीपत्र, मूळ. पाने सहा, सहावं फाटलेलं.
मुखत्यारपत्र. बँकेचं पत्र, त्याला उत्तर,
उत्तराला उत्तर, मग तीन महिने काहीच नाही,
मग हिशेबाला टाचलेली एक लग्नपत्रिका.
तीही लिहिली. पाने दोन, कोपऱ्याला हळदीचं बोट.
रोजकीर्दीत सरकीच्या गोदामाला आग,
आणि दुसऱ्या दिवशी विम्याचा थकलेला हप्ता.
तारखा मी पुढेमागे करत नाही.
जशा आल्या तशा लावते.

मे महिना. कूलरला पाणी कमी, आवाज जास्त.
पंखा लावला की पावत्या उडतात,
बंद केला की घाम शाईवर.
नवव्या खोक्याच्या झाकणावर डबा खाल्ला,
कळण्याची भाकरी, ठेचा,
तेलाचा एक थेंब गेला क्रमांक एकशे बारावर.
तो डाग माझा आहे. तसं लिहिलंय.

मग काट्याच्या पावत्या,
एक हजार एकशे साठ, सुतळीत ओवलेल्या.
भरलेलं वजन, रिकामं वजन, बाकी कापूस,
खाली सही: सु. क. बऱ्हाटे, काटेवाला.
प्रत्येक अक्षर सुटं, जणू आजच शिकलाय.
चारशेच्या आसपास मला ठिपका दिसला.
डाव्या कोपऱ्यात, पेन्सिलीचा, मोहरीहून लहान.
मागे गेले. होता. नव्हता. नव्हता. होता.

फालकांनी चष्मा कपाळावर सरकवला,
माशीची घाण असेल हो.
मी परत मोजले. तीनशे चार.
सगळे गुरुवारचे, बाजाराच्या दिवसाचे.
रुबाब सुतळीला गाठ मारता मारता म्हणाला,
“माशी काय बजारना दिनच बसस का?”

मग मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या.
तीच ट्रॉली, तोच नंबर,
सोमवारी रिकामी अकरा क्विंटल,
गुरुवारी रिकामी साडेअकरा.

सत्ताविसाव्या खोक्यात त्याचा अर्ज.
काट्यावर उभं राहवत नाही, पायांचं निमित्त समजावं,
रेच्यावर घ्यावं, पगार कमी चालेल.
वर लाल शाईत: विचार करू.
त्यानंतरही सात वर्षं सही त्याचीच.
ठिपकेही.

दाव्यात हा प्रश्नच नाही.
दावा आहे प्रेसखालच्या साडेतीन एकरांचा.
गाड्या भरून आलेलं कुणी त्यात पक्षकार नाही,
आणि सुपडू कडू बऱ्हाटेचं नाव
साक्षीदारांच्या यादीत मी तीनदा शोधलं.

फसवणूक हा शब्द माझ्या कामाचा नाही.
खूण, हाही नाही. खूण म्हटलं की कुणाची, कशासाठी, आलंच.
म्हणून एवढंच: डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीचा ठिपका.
तीनशे चार वेळा, तीनशे चार ओळींत.
फालक म्हणाले, एकत्र लिहा ना, पानं वाचतील.
मी म्हटलं, त्याने कुठे एकत्र दिले?

दोनशे नवव्या ओळीला माझं पेन संपलं.
रुबाबने खिशातलं काढून दिलं, हिरवं.
यादीत तिथे शाई बदलते.
कुणी विचारलंच तर
का ते सांगेन.