अजून बघायलेत

साडेआठला बसलिंगअप्पा बाज भिंतीशी ओढतात,
मांडीवर कोर्टाची खुर्ची, बूड नसलेली,
बादलीत भिजवलेला वेत.
मी टीव्ही लावते.
"सुरू झालं का?"
"जाहिरात आहे अजून."
"मग तीच नीट ऐकू दे. तिच्यात गोष्ट असती."

अप्पांना जन्मापासून दिसत नाही.
पण उदगीरच्या जुन्या टॉकीजमध्ये, मागच्या बाकावर,
माझ्या वडिलांना शेंगा चारून
शेकड्यानं सिनेमे पाहिलेत त्यांनी.
पाहिलेतच म्हणायचं. ऐकलेत म्हटलं की चिडतात.
वडील कानात थोडंच सांगायचे:
बाई खिडकीत आहे. त्यानं पत्र फाडलं.
बाकीचं पडदा सांगायचा.
जिना उतरणाऱ्याचा गुडघा दुखतोय,
दार लोटणाऱ्याला उशीर झालाय,
खोटं बोलणारा आधी घोटभर पाणी पितो,
हे डोळेवाल्यांच्या आधी अप्पांना कळायचं.
एकदा मध्यंतरालाच मोठ्यानं म्हणाले,
"मुनीमच मारणार बघा त्याला,"
तर पुढच्या रांगेतला माणूस
तिकिटाचे पैसे परत मागत अंगावर आला.

आता: ढॅण!
"काय झालं?"
"सासूनं ऐकलं."
ढॅण!
"आता?"
"सासूनं ऐकलं, हे सुनेनं पाहिलं."
ढॅण, ढॅण, ढॅण!
"आन् आता काय करायलेत?"
"बघायलेत."
"कुणाकडं?"
"एकमेकींकडं."
वेताचा एक पदर वरून, एक खालून.
"अजून?"
"अजून बघायलेत, अप्पा."
खुर्चीची चार घरं विणून झाली.
"आपल्या गल्लीत कुणी कुणाकडं एवढं बघितलं असतं
तर एव्हाना भांडण लागून मिटलं असतं."

मागल्या महिन्यात मेलेला नवरा परवा परत आला.
अपघात, ऑपरेशन, नवा चेहरा, मी सगळं सांगितलं.
अप्पा आवाजावर अडले.
"घसा बी दवाखान्यात बदलून देतेत का?"

लातूरला नेऊन सिनेमाही दाखवला.
चारशेचं तिकीट, दोनशेच्या मक्याच्या लाह्या.
अडीच तास खुर्चीच हादरत होती.
गाडी उडाली, मी सांगत होते.
अजून एक उडाली. हिरो हवेत आहे.
अप्पा, तो अजून हवेतच आहे.
परतीच्या एसटीत नळेगाव येईस्तोवर गप्प.
मग म्हणाले, "त्यात कुणाचं पाऊल वाजलं का गं,
एकदा तरी?"

त्या मंगळवारी मी खोटं सांगायला लागले.
पडद्यावर दोघी बघतच होत्या.
मी म्हणाले, सून उठली.
कपाटाच्या तळातून कापडी पिशवी काढली.
वेत थांबला.
"पिशवीत काय?"
"पावत्या. सासूच्या पाटल्या गहाण टाकल्याच्या."
"कशापायी?"
"सुनेला माहीत नाही. ती तारखा जुळवतेय."
"बोटावर का कॅलेंडरवर?"
"बोटावर."
"हां."
मध्येच ढॅण झालं. मी आवाज बंद केला.
"सासू कुठंय?"
"दारात. आत यावं का मागं फिरावं, ठरत नाही तिचं.
हातात पळी आहे, ओली."
अप्पांनी मान तिरकी केली,
टॉकीजमध्ये करायचे म्हणे, तशी.
तेवढ्यात मालिका संपली असावी,
दुसऱ्याच कुणाचे तरी चेहरे मुक्यानं रडत होते.
आई आतून ताटं झाली म्हणून ओरडली.

"हे तू रचलंस," अप्पा म्हणाले.
मी काही बोलले नाही.
"उगं घाबरू नकोस. पळी कामून ओली?"
मला माहीत नव्हतं.
तोंडाला आलं ते मी म्हणाले, आमटीची असेल.
"आमटीची नाही. आमटी टाकून कुणी दारात येत नसतं.
इचार कर. उद्या सांग."

रात्री भांडी घासताना पळी हातात तशीच राहिली,
नळ वाहत होता, पाणी कोपरापर्यंत आलं होतं.
आई म्हणाली,
"काय बघायलीस गं तिच्यात एवढं?"