पाकिटाची कड

चौतीस वर्षं पोस्टात काढली,
काउंटरवरच्या डिंकाच्या वाटीत बोट बुडवत.
एवढा डिंक येतो कुठून
हे मात्र कुणाला विचारायचं राहून गेलं.

वादी हल्फापासून आगगाडी, मग बस,
मग कोस्तीहून मिठाच्या पोत्यांवर बसून लॉरी.
बुशारा ड्रायव्हर रस्त्याकडे बघतच नव्हता.
रस्ता नव्हताच. तो झाडं ओळखत चालला होता.
एका तबल्दीपाशी थांबला (आपली गोरखचिंच),
पोकळ खोडात गेल्या पावसाचं पाणी साठवलेलं.
वर चढून चामड्याच्या पोहऱ्यानं काढलं.
पाण्याला लाकडाचा वास. मी दोन तांबे प्याले.

हशाबचं झाड पाहून आधी निराशाच झाली.
खुरटं, करडं, सावलीलाही कंजूष.
काटे तीन-तीन : दोन वर वळलेले, मधला खाली.
पदर अडकला. कल्तूमानं सोडवून दिला, न ओढता;
तिच्या तोबला तीच सवय.

तिच्या नवऱ्याच्या, जादैनच्या हातात सुंकी,
लांब दांड्याचं, भाल्यासारखं पातं.
टोकानं साल उचकटली
आणि हातभर पट्टी सरकन सोलून काढली.
"खोल गेलं की झाड मरतं," बुशाराच्या मोडक्या इंग्रजीतून तो म्हणाला,
"वरवर गेलं तर देत नाही.
आणि पाऊस फार झाला, तर सुखी झाड रडतच नाही."
मग पाच-सहा आठवडे थांबायचं.

आधीच्या जखमांवर गोळे धरले होते,
लिंबाएवढे, मधाच्या रंगाचे, उन्हानं आतून तडकलेले.
एक तोंडात टाकला. चव काही नाही.
ती काही-नाही मी जन्मभर ओळखत होते.

"तुम्ही याचं करता काय?" जादैननं विचारलं.
चाळीस हंगाम झाले, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
मी सांगितलं : औषधाच्या गोळ्या, शाई, रंग,
बाळंतिणीचे लाडू. आणि पत्रं.
हवेतच पाकीट धरून कड जिभेनं ओली करून दाखवली.
तो इतका हसला की गाढव बिचकलं.
"म्हणजे तुम्ही आमची झाडं चाटता?"
कल्तूमाला हाक मारून पुन्हा करायला लावलं. केलं.

अल-ओबेदच्या बाजारात ढीग, आणि धूळ, आणि
ढिगांशी बसून साल-वाळू वेचणाऱ्या बाया.
बोलीचा आरडाओरडा नाही. दलाल चिठ्ठ्या देतात,
अल-दाऊ कारकून उलगडून सर्वांत मोठा आकडा वाचतो.
एक चहा संपायच्या आत जादैनचा हंगाम विकला गेला.
आकडा ऐकून त्यानं नुसती मान हलवली.
रिकामी पोती परत मोजून घेतली, तर एक कमी.
त्यावर मात्र अर्धा तास भांडला.

तसाच तणतणत म्हणाला, मुलाला पत्र लिहायचंय,
पोर्ट सुदानला, गोदीत असतो.
अल-दाऊनं उजवीकडून डावीकडे लिहून घेतलं.
मी बाजूला जाऊन उभी राहिले; सवय.
डिंक मीच भिजवला, चहाच्या पेल्यात, त्याच्याच झाडाचा.
गावाला पोस्ट नाही, म्हणून
पाठवणाऱ्याच्या जागी माझा पत्ता घातला.

नऊ महिन्यांनी परत आलं.
वर शिक्का, खाली शेरा. ती लिपी येत नाही मला,
पण असला शेरा मी कुठल्याही लिपीत ओळखते.

कड घट्ट आहे. नखानं एकदाच पाहिलं.
वाफेवर धरलं तर सुटेल, मला ठाऊक आहे,
चौतीस वर्षांत कधी केलं नाही.
बुशारा अजून त्या वाटेवर असेल तर
त्याच्याच हाती परत धाडावं म्हणते.

आत काय असेल, कोण जाणे.
बरंचसं त्या पोत्याबद्दलच असणार.