आठ मात्रांची बत्ती

उद्यमबागेत लेथवर चाळीस वर्षं गेली.
शाफ्ट, बुश, पंपाचे पंखे –
सुताएवढी चूक बोटाला कळते.
एकाच कामाचं माप मला वाचता आलं नाही.
ते आणलं होतं रत्नव्वा यमकनमर्डीकरणीनं,
खेळाच्या हँडबिलामागं काजळानं काढून.
मी तेव्हा हेल्पर.

तिचा खेळ एकाच गॅसबत्तीवर चालायचा.
संकेश्वरात मराठीत बोलायची, गोकाकेकडं कन्नडात,
रुसायची दोन्हीकडं सारखीच.
आणि राणी रुसली की अंधार नको पडायला?
पोरं बत्तीवर घोंगडं धरत.
हत्तरगीच्या जत्रेत ते पेटलं.
कानामागं डाग राहिला.

मग तिनं डालड्याच्या डब्यातून सहा पाकळ्या कापल्या
एकीवर एक सरकणाऱ्या,
सायकलच्या ब्रेकची तार, दोऱ्याचं रीळ,
आणि जाजमाखाली, ऐन तिच्या जागेवर,
जुन्या पायताणाचा तळवा.
गाता गाता डावा पाय दाबायची;
तोंडावरचा उजेड उतरायचा
कौलांवरून ऊन उतरतं तसा.

दाबताना घुंगरू वाजू नयेत
म्हणून तो पाय मोकळा.
लोक म्हणत, सौंदत्तीचा नवस असेल.
कुणी म्हणे, नवऱ्यानं घोटा मोडलाय.
तिनं कुणालाच खोडलं नाही.

वस्ताद म्हणाले, "इंचात सांग की गे बाई."
"इंच मला कुठले? आठ मात्रांत मिटली पाहिजे.
सातव्याला अजून नाक दिसावं.
नवव्याला कुणीच नसावं."
आणि ऑईलच्या फरशीवर फतकल मारून
मांडीवर ठेका धरला.
आम्ही स्प्रिंग कापत गेलो. तीन वाया गेल्या.
चौथी समेवर आली.

पितळी पट्टीवर नाव मी पंच केलं.
कंपनीच्या मालकाचं.
पंचिंगचे पैसे अक्षरं मोजून असत,
तिचं नाव लांब होतं –
असं मी स्वतःला सांगत आलो.

बारा नग बनले. मग वीज आली.

गेल्या साली वडगावच्या भंगारात एक मिळाली.
तार कुजकी, पाकळ्या तांबेरलेल्या,
पट्टीवर माझ्याच हातचं तिरकं अक्षर.
पट्टी कानशीनं घासून काढली. जागा कोरी ठेवली;
हात आता थरथरतो.

परवा लाईट गेली तेव्हा पेटवली.
चप्पल काढली, पाय ठेवला, मोजत गेलो.
सातव्याला
बायकोचं नाक दिसत होतं.