खुंट

चोर मीच होते.
आधीच सांगून टाकते,
म्हणजे पुढचं ऐकताना माझ्याकडे
चोरून बघावं लागणार नाही.

त्या वर्षी बाजरी तीनदा पेरली.
दोनदा वाऱ्याने वाळू आणून कोंब पुरले,
लेकरू पुरतात तसे, घाईघाईने.
तिसऱ्या वेळी बी उसनं.
मराडीच्या वरच्या अंगाला आमचं गाव,
शिवारात वाऱ्याला आडवं उभं काहीच नव्हतं,
आम्ही सोडून.

झाडं तेव्हा सरकारची.
आपल्याच शेतातली फांदी तोडली तरी
गार्ड मोटरसायकलवरून उतरून पावती फाडायचा.
म्हणून आम्ही रात्री तोडायचो,
आणि तोडायचो ते बुडापासून.
दुसऱ्याच्या मालाला कोण पोटाशी धरतं?

मग ट्रकमधून रोपं आली, काळ्या पिशव्यांतली.
साहेब आले, फोटो झाले.
शंभरातली चार जगली,
तीन शेळ्यांनी खाल्ली.
चौथं कुणाच्या लक्षात नाही.

लावाली शेजारच्या गावचा, एका पायाने लंगडा.
तो माझूच्या शेतात उकिडवा बसला,
गुडघ्याएवढं झुडूप हाताने चाचपत म्हणाला,
"हे झुडूप नाही. झाडच आहे हे.
दरवर्षी तुम्ही याची मान मोडता.
खाली मुळं बघा, आजोबाच्या वयाची.
लावायचं काहीच नाही. फक्त थांबायचं."

बायाबापड्या हसल्या.
निंदून स्वच्छ केलेलं शेत म्हणजे धुतलेलं तोंड,
त्यात खुंट ठेवायचे?
पण माझू हट्टाला पेटला.
एका बुडाचे तीन कोंब ठेवायचे, बाकीचे छाटायचे,
ठेवलेल्याला लाल चिंधी.
कमिटी झाली. चौदा पुरुष, तीन बाया,
आणि गुरं घेऊन फिरणारा दिक्को,
कारण कोंबांचा खरा वैरी त्याच्या गाईच्या तोंडात होता.
चिंध्या संपल्या तेव्हा हासियाने
लग्नातली ओढणी फाडली. रडली नाही.

तिसऱ्या वर्षी कोंब मनगटाएवढे झाले.
त्याच थंडीत माझं धाकटं तापाने फणफणलं.
घरात शेण नाही, काटकी नाही,
दाणे होते, पण कच्चे दाणे कोण गिळणार?

मी पाच तोडले.
चिंध्या आधी सोडवल्या,
घडी घालून कमरेला खोचल्या.
का, ते आजही सांगता येत नाही.
दिक्कोने दुसऱ्या दिवशी माग काढला.
कमरेच्या लाल टोकानेच मला धरून दिलं.

सगळं गाव बसलं.
दंड पाचशे फ्रँक, आणि माझ्याकडे फुटका डबा.
हासिया उठली. ओढणी तिचीच होती.
म्हणाली, "रात्रीचं शेत हिच्याइतकं
कुणाला पाठ आहे? राखण हिलाच द्या."
माणसं कुजबुजली. कुणीतरी थुंकलं.
मग माझूने वहीत नवा नियम लिहिला:
छाटणीचा पहिला भारा
चूल थंड असलेल्या घराला.
माझं नाव त्या नियमात नाही.
पण तो माझाच आहे.

अकरा वर्षं झाली.
आता गाओची झाडं माझ्या डोक्यावर आहेत.
उलट्या स्वभावाची. पावसात सगळं हिरवं होतं
तेव्हा ही पानं झाडून मोकळी,
आणि उन्हाळ्यात, सगळं रान ओसाड असताना,
नटून बसलेली.
खालची बाजरी माझ्या खांद्याला लागते.
पेरणी एकदाच.

कान मात्र तसेच राहिले.
वाळक्या लाकडावरची कुऱ्हाड 'ठण' वाजते,
ओल्यावरची 'ठप'.
लावालीला जे बोटांनी कळायचं,
ते मला कानांनी कळतं.

आत्ता ऐकलं.
ठप.
थांबलं. पुन्हा, ठप.
माझूच्या बांधावरून.
त्याच्या लेकीचं लग्न आठ दिवसांवर,
आणि ही कुऱ्हाड मी ओळखते,
तिच्या दांड्याला चीर आहे, मागून कुरकुर येते.

पेटीतली ती जुनी लाल घडी काढली.
चपला सापडत नाहीत.
अनवाणीच निघाले.