लाभ

सेलूच्या मोंढ्यात एकोणीस वर्षं
मी दुसऱ्यांचीच वजनं सांगत आलो.
तूर, करडी, सोयाबीन.
कट्टा काट्यावर आला की आकडा ओरडायचा,
माल ओला असेल तर घट धरायची,
पुढचा.
स्वतःचं वजन
डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा अंदाजानं सांगितलं
आणि त्यांनी चष्म्यावरून बघितलं,
जसं मी बघतो
ओल्या सोयाबीनला वाळलेलं म्हणणाऱ्याकडं.

एक्क्याण्णव किलो सहाशे.
साखर, उपाशीपोटी, एकशे अडतीस.
"काहीतरी उचलत जा," म्हणाल्या.

पेट्रोल पंपामागं पत्र्याचं शेड, त्यात जिम.
एकच पंखा, तोही आरशाकडं तोंड करून.
एप्रिलात सकाळी सहालासुद्धा
रॉड हाताला कोमट लागायचा.
प्लेटा जालन्याच्या भट्टीतल्या,
वीसच्या प्लेटवर वीस ओतलेलं.
एक प्लेट उचलली आणि हाताला कळलं,
ही एकोणीस सहाशे आहे.
सिद्धोधनला सांगितलं तर हसला,
"काका, इथं पावती देत नसतेत."

सिद्धोधन तेवीस वर्षांचा,
दंड माझ्या पोटरीएवढे,
दुपारी कुरियरची पाकिटं वाटतो.
पहिल्या दिवशी त्यानं नुसता रॉड दिला.
छातीवर घेतला, वर ढकलला,
आणि तोंडातून सवयीनं निघालं,
लाभ.
दोन. तीन.
शेजारची दोन पोरं थांबली.
"काका, एक म्हणा की!"
एक म्हणता येत नाही रे.
आमच्यात पहिल्या मापाला लाभच म्हणतात,
मग ते ज्वारीचं असो की
माझ्या धापेचं.

मोंढ्यात मुनीरभाईला कळलं.
तीस वर्षांची हमाली,
मानेखालचं कातडं बैलाच्या वशिंडासारखं राठ.
"पैसे भरून वझं उचलायलाव, मापाडी?
मला द्या की ते आठशे,
महिनाभर ट्रक भरू देतो तुम्हाला!"
अख्खा मोंढा हसला. मीपण हसलो,
जरा उशिरा.

पण लिलाव संपल्यावर
कडुनिंबाखाली तोच म्हणाला,
दाखवा, कसं उचलता.
मी कट्ट्यावर वाकलो.
"पाठीनं नका. ढुंगण मागं घ्या. टाचा रोवा.
दम आत धरा, मग उठा."
सिद्धोधन हेच मोबाईलवर दाखवायचा,
गोऱ्या माणसाचा व्हिडिओ, बाणबिण काढलेला.
"तुम्हाला कुणी शिकवलं, मुनीरभाई?"
त्यानं कमरेवर हात ठेवला,
मणका सरकलेल्या जागी.
"हिनं. पण उशिरा शिकवलं."

दिवाळीपर्यंत फोटोत दाखवावं असं काही झालं नाही.
सिद्धोधननं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले,
आधीचा, नंतरचा,
आणि उज्ज्वला म्हणाली, यातला नंतरचा कोणता?
शर्ट मात्र खांद्यात दाटायला लागला होता.
जिना चढून गेल्यावर
मी लगेच बोलू शकत होतो.

मग सोयाबीनच्या गर्दीत एक दिवस
मुनीरभाई फळीखाली बसला तो उठेच ना.
ट्रक अर्धा रिकामा, पोरं दुसऱ्या आडतीवर.
मी पावतीबुक त्याच्या मांडीवर ठेवलं
आणि कट्टा पाठीवर घेतला.
रॉड प्रामाणिक असतो, जिथं धराल तिथं राहतो.
कट्टा अंगावर वळतो, आतला माल सरकतो,
कानात भुसा जातो, फळी झुलते.
खालून मुनीरभाई ओरडला, लाभ!
दोन. तीन. चार. पाच.
सहाव्याला पाय फळीवर लटपटले,
कट्टा कसाबसा ट्रकात लोटला आणि उतरलो.
राहिलेले चौतीस पोरांनी येऊन भरले,
बोलत, चेष्टा करत, एकानं तर फोनवर.

संध्याकाळी काटा बंद करायच्या आधी
मुनीरभाई म्हणाला, उभे राहा.
चपला काढल्या. उभा राहिलो.
भुशानं माखलेला, घामानं चिंब.
त्यानं डोळे बारीक करून आकडा वाचला,
माझ्यासारखाच, माझ्याच सुरात,
"अठ्ठ्याऐंशी दोनशे!
माल ओला हाय, मापाडी.
घट किती धरू?"